न पडलेल्या मिठाची चव

मित्रांनो, मी एक जुनी मीठदाणी आहे. चिनी मातीची, पोटाने गोल आणि डोक्यावर तीन बारीक भोकं असलेली. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात आणि शेवटी ‘आमच्याकडे लक्ष द्या’ म्हणतात. माझं मागणं जरा उलटं आहे. ते शेवटी सांगेन, आणि सगळं मीठमसाला न लावता सांगेन.

भट्टीत भाजून, पांढरी चकाकी घेऊन मी एका पेंटरच्या घरी आले. दुकानांच्या पाट्या ते शिडीवर उभे राहून हाताने रंगवत. टेबलाच्या मधोमध माझी जागा. ताट समोर आलं की त्यांचा हात आधी माझ्याकडे यायचा, घास नंतर तोंडात जायचा.

“हिच्याशिवाय जेवणाला मजा नाही,” ते म्हणायचे. मी अगदी फुगून जायचे.

“मग मी उगाच स्वयंपाक करते,” त्यांची बायको म्हणायची. “उद्यापासून नुसती मीठदाणी वाढते.”

मग पेंटरांच्या थोरल्या भावाला पक्षाघाताचा झटका आला. तेही पाट्याच रंगवायचे. त्यांचा रक्तदाब कधीचा वाढलेला होता, पण त्रास काही नव्हता, म्हणून कधी मोजलाच नव्हता. त्यांचा उजवा हात लुळा पडला. घाबरून पेंटरांनीही तपासून घेतलं, तर त्यांचाही दाब चढलेला. गोळ्या सुरू झाल्या, आकडा खाली आला.

“पास झालो,” असं म्हणून पेंटरांनी उरलेल्या गोळ्या रंगांच्या डब्यांमागे ढकलून दिल्या.

त्यांची मुलगी प्रयोगशाळेत काम करायची. तिच्या जिवाला घोर लागला. “बाबा, गोळी चालू होती म्हणून आकडा उतरला. बंद करायला कुणी सांगितलं?”

“डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. माझं शरीर मला कळत नाही का? नुसत्या नजरेने सरळ रेघ मारणारा माणूस आहे मी.”

संध्याकाळी तिने माझं झाकण उघडलं आणि भोकांना आतून चिकटपट्टी लावून टाकली.

दुसऱ्या दिवशी पेंटरांनी मला भाजीवर नेहमीसारखं हलवलं. एक कणही पडला नाही. त्यांनी घास घेतला आणि मान डोलावली. “हं. आता जमलं.”

त्यांच्या बायकोने पदरात तोंड लपवलं. मी मात्र खजील झाले. जेवणाची चव माझ्यामुळे, असं इतकी वर्षं समजत होते मी.

असेच काही दिवस गेले. मग एकदा जेवताना मुलीने त्यांच्यासमोरच माझं झाकण उघडून उलटं धरलं. पेंटर चिकटपट्टीकडे बघतच राहिले.

“म्हणजे इतके दिवस मी काय घालत होतो?”

“हवा,” बायको म्हणाली. “आणि वर ‘जमलं’ म्हणत होतात.”

पेंटर ठसका लागेपर्यंत हसले. हसू ओसरल्यावर मुलगी हळूच म्हणाली, “बाबा, जे मीठ नव्हतं ते तुम्हाला जाणवलं. मग दाब जाणवत नाही म्हणजे तो नाहीच, असं कसं धरायचं?”

पेंटरांनी उजव्या हाताची बोटं मिटली, उघडली. मग म्हणाले, “उद्या दवाखान्यात येतेस माझ्याबरोबर?”

दाब पुन्हा चढला होता, पण वेळेत कळलं. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, अशी तंबी दिली. पेंटर आता जवळच्या कामांना चालत जातात. खारवलेल्या खाऊची पाकिटं घरात येत नाहीत. आठवड्यातून एकदा ते खुर्चीला पाठ टेकून, थोडा वेळ शांत बसून दाब मोजतात. यंत्राचा पट्टा दंडाला बांधल्यावर गप्प बसणं हेच त्यांना सगळ्यात जड जातं. कमी मिठाची भाजी आधी अळणी लागली, मग जिभेला तीच आवडू लागली.

माझी रवानगी वरच्या फळीवर झाली. एकदा पेंटरांनी मला खाली घेतलं, सगळ्यात बारीक ब्रश उचलला आणि माझ्या पोटावर लिहिलं, ‘आधी चव घ्या’. एकही अक्षर थरथरलं नाही. मग मला पुन्हा वर ठेवून ते कामाला गेले.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा, रक्तदाब शेवटचा कधी मोजला? ‘मला काही होत नाही’ हे उत्तर ग्राह्य धरू नका. मी थोडी लागतेच, पण थोडीच. एरवी माझ्याकडे खुशाल दुर्लक्ष करा. आज माझ्या अंगावर धूळ आहे आणि पेंटर शिडीवर आहेत.