मागच्या नमुन्याप्रमाणे

हेडक्लार्क भगवानरावांनी कागद पंचायत समितीचे सभापती हिंमतराव यांच्या पुढ्यात सरकवला, त्यावर काचेचा पेपरवेट ठेवला आणि सही करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारली. हिंमतरावांनी पेनाचं टोपण काढलं. सवयीने ते फुलीपर्यंत पोचलेही होते. मग कोण जाणे काय वाटलं, त्यांनी पहिली ओळ वाचली.

'माझ्या हाताखालच्या माणसाची चूक ती माझीच चूक, असे मी मानतो. सबब मी सभापतिपदाचा राजीनामा देत आहे.'

"हे काय हाय?"

"मसुदा. जीपच्या प्रकरणाचा."

"मी ड्रायव्हर निवृत्तीले कामावरून कमी करायचा कागद मागतला होता."

"त्याचा नमुना दफ्तरात नाही," भगवानराव म्हणाले. "जीपच्या गैरवापराचं आपल्या समितीत आजवर एकच प्रकरण झालं. त्याच्यात हाच कागद गेला. मी फक्त नाव बदललं."

आणि त्यांनी जुनी फाईल उघडून समोर धरली.

जुन्या कागदावरचं अक्षर हिंमतरावांचंच होतं. दोन वर्षांपूर्वी ड्रायव्हर निवृत्तीने आपल्या भाच्याला, म्हणजे नवरदेवाला, सरकारी जीपमध्ये बसवून बीबी गावी लग्नाला नेलं होतं. तेव्हाचे सभापती किसनराव यांना त्याचा पत्ताही नव्हता. पण हिंमतराव कचेरीपुढे सतरंजी टाकून तीन दिवस बसले. ड्रायव्हर गरीब माणूस आहे, त्याला हात लावू नका. ज्याची जीप त्याने जबाब द्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. तिसऱ्या दिवशी किसनराव बाहेर आले. म्हणाले, देतो राजीनामा, पण मले असं कागदी लिहिता येत नाही. तेव्हा हिंमतरावांनी सतरंजीवरच मांडी घालून त्यांना राजीनामा लिहून दिला. चांगला उतरला होता. किसनरावांनी सही केली, जीपमध्ये बसायला नको म्हणाले आणि अडीच मैल पायी घरी गेले.

आताचं प्रकरण वगारीचं होतं. गेल्या आठवड्यात समितीची जीप धाड गावाहून आली ती ट्रेलरमध्ये म्हशीची वगार घेऊन. पाहणाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे, वगार सभापतींपेक्षा ऐटीत उभी होती. विरोधकांनी जिल्ह्याला अर्ज केला. उद्या सकाळी कचेरीपुढे सतरंजी पडणार होती. मंडपवाल्याकडे एकच होती, त्यामुळे तीच.

"तवाची गोष्ट वेगळी होती, भगवानराव."

"असंन." भगवानरावांनी कोरा कागद ओढला. "काय वेगळी, तेवढं सांगा. टिपणीत लिहितो. नाहीतर वरून विचारतील."

"तवा जीपमधी माणसं बसली होती."

'सदर प्रसंगी मनुष्य नसून जनावर होते,' भगवानरावांनी लिहिलं. "पुढं?"

"तवा अख्खं वऱ्हाड होतं. आता एकच वगार."

'संख्या एक.' "पुढं?"

"बीबी लंब पडते. धाड जवळ हाय."

भगवानरावांनी तेही लिहिलं आणि तिन्ही कारणं मोठ्याने वाचून दाखवली.

"खोडा थे," हिंमतराव म्हणाले. "निवृत्तीले बोलवा."

निवृत्ती येण्याआधी त्याच्या चावीचं घुंगरू आलं. चावी कुठेही विसरायचा म्हणून किसनरावांनी आपल्या बैलाच्या माळेतलं एक घुंगरू तोडून तिला बांधून दिलं होतं. निवृत्तीला शेत नव्हतं. घरात म्हातारी आई, बायको आणि दोन पोरी होत्या, आणि त्या सगळ्यांचं पोट या एका चावीवर होतं.

"वगार कोणाले विचारून आणली?"

निवृत्तीने सभापतींकडे पाहिलं. वगार आणली त्या सकाळीही असंच पाहिलं होतं. सभापतींच्या बायकोने, सुभद्राबाईंनी, अंगणातून त्याला सांगितलं होतं, "धाडले चाल्लाच हायेस तर माह्या माहेराहून वगार घेऊन ये. भाऊ कवाचा देऊन राह्यला." हिंमतराव तेव्हा ओसरीवर दाढी करत होते. निवृत्तीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आरशात पाहिलं. वगार आता त्यांच्याच गोठ्यात होती.

"माह्याच मनानं आणली, साहेब."

भगवानरावांचा टाक थांबला.

"नीट सांग बे," हिंमतराव खालच्या आवाजात म्हणाले. "कोणी सांगतलं असंन, तर…"

निवृत्तीने पुढच्या वाक्याची वाट पाहिली.

"नाही जी. कोणीच नाही." त्याने चावी टेबलावर ठेवली. "मागच्या टायमाले चूक माही होती, तं किसनरावांनं आंगावर घेतली. आता माही पाळी."

पाटाच्या पाण्याची पाळी सांगावी तसं त्याने ते सांगितलं.

नवा मसुदा हिंमतरावांनाच सांगावा लागला. "वरिष्ठांच्या माहितीशिवाय," ते म्हणाले, आणि अडले.

"माहितीशिवाय का परवानगीशिवाय?"

हिंमतरावांनी टेबलावरचं घुंगरू बोटाने जरा हलवलं. "परवानगीशिवाय लिहा."

भगवानरावांनी दोन्ही लिहिलं. मागाहून कोणी विचारू नये म्हणून.

या खेपेला सही करताना हिंमतरावांनी कागद वाचला नाही. भगवानरावांनी शाई टिपली, कागद बीडीओ साहेबांकडे पाठवला आणि त्याची नक्कल जुन्या राजीनाम्याखाली टाचली.

"आता दोन नमुने झाले," ते फाईल बांधताना म्हणाले. "पुढच्या सभापतीले निवड करता येईन."

दिवस कलल्यावर हिंमतराव बाहेर आले, चावी छातीवरच्या खिशात टाकली आणि जीपमध्ये जाऊन बसले. बराच वेळ बसले. जीप चालवणारा माणूस समोरच्या निंबाखाली उभा होता.

"सोडून देऊ काय घरी, साहेब?"

"तुले आता हात लावता येत नाही तिले."

"हाव," निवृत्ती म्हणाला. "थे तं हायच."

मग दोघं चालायला लागले. गाव एकच होतं. निवृत्ती सवयीने दोन पावलं पुढे चालत होता, मग आठवण होऊन मागे पडत होता. अर्ध्या वाटेवर मागून बैलगाडी आली. हाकणारे किसनराव होते. त्यांनी बैल थांबवले, सभापतींच्या धुळीने भरलेल्या चपलांकडे पाहिलं, मागे रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"पायी?"

हिंमतरावांनी मान हलवली.

किसनराव खाली उतरले. बसायची घोंगडी त्यांनी झटकली आणि पुढची जागा करून दिली.

"देल्ला म्हणा राजीनामा," ते म्हणाले. "मले वाटलं नव्हतं तुम्ही देसान. खरं सांगतो, दोन वर्षं तुमच्या नावानं बोटं मोडली मी. म्हटलं, दुसऱ्याचा लिहून देणं सोपं असते. आज चुकलो मी. बसा, हिंमतराव. निवृत्ती, तू बी बस बे. तुही नोकरी सलामत ना?"

निवृत्ती मागच्या बाजूने चढला. "बसलो, मालक," तो म्हणाला.

हिंमतरावांनी तोंड उघडलं होतं. किसनरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तसं ते मिटलं. गाडी निघाली. किसनराव पेरणीचं, पावसाचं, कडब्याचं बोलत होते. दोन वर्षांचं साठलेलं बोलत होते. उताराला दगड लागले. हिंमतरावांनी खिसा तळव्याने दाबून धरला.

"छातीत दुखते काय?"

"नाही."

नाल्याशी चाक आदळलं. गाडीची बाजू धरायला हिंमतरावांचा हात सुटला, आणि घुंगरू वाजलं. एकदाच, पण स्वच्छ.

किसनरावांनी कासरा आवळला. "हे कोणाचं वाजलं?"

"बैलाचं, मालक," मागून निवृत्ती म्हणाला.

किसनरावांनी बैलांकडे पाहिलं. दोन्ही बैलांच्या माना मोकळ्या होत्या. मान वळवून त्यांनी हिंमतरावांच्या खिशाकडे पाहिलं. मग त्यांनी कासरा सैल सोडला, आणि गाव येईपर्यंत पेरणीचंही काही बोलले नाहीत.