दोघींचा एक फ्रॉक

मित्रांनो, मी शाळेचा एक जुना निळा फ्रॉक आहे, आणि माझ्या डोक्यात अजून पुरता घोळ आहे. फ्रॉकला डोकं कुठून आलं, असं तुम्ही म्हणाल. तेही खरंच, म्हणूनच घोळ असेल.

शिंप्यानं मला शिवलं तेव्हा आईनं त्याला बजावलं होतं, की वाढत्या अंगाचा शिवा. त्यानं खाली चांगली वीतभर दुमड ठेवली. पहिले काही दिवस घरातल्या थोरल्या मुलीच्या अंगावर मी मजेत काढले. एकदा तर बाईंनी सगळ्या वर्गाला माझी कॉलर दाखवून स्वच्छतेचं कौतुक केलं, तेव्हा रात्री धुतलेला मी अजून ओलसर असूनही ताठ झालो.

मग काय बिनसलं कोण जाणे. एक दिवस मी खांद्यात काचायचो आणि दुसऱ्या दिवशी गळ्यातून ओघळायचो, कमरेला पिन लावावी लागायची. मला वाटलं, ही पोरगी रात्रीत वाढते नि रात्रीतच आटते! पुष्कळ दिवसांनी उलगडा झाला, की त्या दोघी बहिणी होत्या. आज थोरली, उद्या धाकटी. आई रोज संध्याकाळी मला धुवायची आणि शेगडीजवळ वाळत घालायची.

मी एकदाही शाळा बुडवली नाही. तरी कधी थोरली गैरहजर, कधी धाकटी. हे गणित मला काही केल्या सुटेना. अशानं परीक्षेला बसता येणार नाही, असं बाईंनी थोरलीला सांगितलं. तिनं नखानं माझी शिवण उसवत म्हटलं, "बाई, फ्रॉक एकच आहे आम्हा दोघींत."

बाईंचा चेहरा उतरला. त्याच आठवड्यात धाकटीसाठी त्यांनी नवाकोरा फ्रॉक पाठवला. मला हायसं वाटलं. सारा घोटाळा माझ्यामुळेच होता तर, आणि आता तो मिटला.

दुसऱ्या दिवशी दोघी वेण्या घालून तयार झाल्या. धाकटी पुढे पळाली. थोरली दाराशी आली, तर आई बादली नि फडकं घेऊन उभी. ती इमारतींचे जिने पुसायला जाते. कडेवर बाळ होतं.

"तुम्ही दोघी गेल्यावर याला कुठं ठेवू गं?" आईनं विचारलं.

थोरलीनं दप्तर खाली ठेवलं आणि बाळाला घेतलं. मला मात्र तिनं उतरवलं नाही. दिवसभर मला घालूनच ती घरात वावरली. बाळानं माझी कॉलर चोखून ओली केली. शाळेच्या वेळी मी घरी कसा, हेच मला कळेना. फ्रॉक दोन झाले, मग शाळेत एकच का गेला? आधीही घरी राहिलेली बहीण बाळाजवळच बसत असणार. पण मला ते कुठून दिसणार? मी तर शाळेत असायचो.

मित्रांनो, शेवटी मी तुम्हाला सांगणार होतो, की आपले कपडे जपा. ते राहू द्या. तुमच्या वर्गात एखादीची जागा रिकामी दिसली, तर तिच्या कपड्यांची चौकशी मागाहून करा. आधी एवढंच विचारा, की तिच्या घरी बाळ कुणाजवळ असतं.