पानाचा शेंडा

"शेंडा डावीकडे!" खाटेवरून राजम ओरडली. "अय्यो, पान कसं मांडलंत तुम्ही?"

हरिप्रसादनं आधी केळीच्या पानाकडे आणि मग बायकोकडे निरागसपणे पाहिलं. पानाचा निमुळता शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, हे तंजावुरात शेंबडं पोरही जाणतं. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेला हा गृहस्थ तर जन्मभर केळीच्या पानावर जेवला होता. तरी पठ्ठ्यानं हॉलमध्ये आठ पानं ओळीनं मांडली होती, आणि आठही उलटी.

"मज नाही कळत," तो म्हणाला. "तूंच येऊन दाखव."

दिवाळीच्या बाजारातून येताना राजमला एका मोपेडनं उडवलं होतं. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. पोंगल आला, हाड जुळलं, पण बाईचा जीव काही उभारी धरेना. न्हाणीपलीकडे ती पाऊल टाकत नव्हती. व्यायाम घ्यायला येणारा शिवकुमार रोज "अम्मा, वीस पावलं" म्हणून विनवी आणि ती भिंतीकडे तोंड फिरवी. वीस पावलं टाकून जायचं कुठं?

तीस वर्षं रामनवमीच्या उत्सवात सांबार वाढलं ते राजमनंच. डाव्या हातात बादली, उजव्या हातात पळी. एकदा कमरेत वाकली की ओळ संपेपर्यंत ती सरळ होत नसे. यंदा उत्सवाचं सगळं बघणारी शांभवी येऊन प्रेमानं सांगून गेली होती, "मामी, तुम्हांस खुर्ची घालते. बसून बघा." त्या खुर्चीनं राजम मोपेडपेक्षा जास्त मोडली.

आता मात्र ती काठी टेकत, नवऱ्याच्या नावानं बोटं मोडत उठली. वाकून तिनं पहिलं पान फिरवलं. मग दुसरं. आठवं फिरवून घामाघूम होऊन बसली, तोवर वीस पावलं केव्हाच झाली होती.

दुसऱ्या दिवशी पानं पुन्हा उलटी. चौथ्या दिवशी तिनं पाण्याची छोटी बादली मागितली. मग हरिप्रसादच पंगत झाला. पहिल्या पानावर बसायचं, पळीभर पाणी वाढून घ्यायचं, "पोदुम, पुरे" म्हणायचं आणि कुरकुरणारे गुडघे सावरत घाईघाईनं पुढच्या पानावर जायचं. दर पानावर नवा पाहुणा. कधी बहिरा मामा, कधी रुसलेला जावई. हॉलभर तळं साचे.

"तुम्हांस एवढं बोलतां येतं, हे इतकीं वर्षं कोठें होतं?" राजम हसून हसून डोळे पुसत म्हणाली. तिला त्याची दया आली, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर जरा लाजही वाटली.

रामनवमीला उत्सवाच्या पंगतीपाशी खुर्ची मांडलेली होतीच. राजम तिच्याकडे न बघता पुढे गेली आणि काठी भिंतीला टेकवून तिनं शांभवीच्या हातून बादली घेतली. "अर्धीच भर," एवढंच म्हणाली.

सहा पानं झकास झाली. सातव्यापाशी मांडीत कळ आली आणि पाय जागीच थिजला. बादली कलली. शांभवी खुर्ची उचलून धावली.

ओळीच्या शेवटी, दहाव्या पानावर हरिप्रसाद बसला होता. हाक मारली तर सगळ्यांसमोर तिची शोभा होईल, आणि पंगतीतून उठायचं तरी कसं? त्यानं भात-भाजीसकट आपलं पान दोन्ही हातांनी धरलं आणि हळूच उलटं फिरवलं.

"अहो, शेंडा उजवीकडे आला की!" शेजारचे श्रीनिवासराव दचकून म्हणाले.

राजमनं ते पाहिलं. तिचा चेहरा आधी रागानं लाल झाला, मग ओठांच्या कडेला काहीतरी हललं. "खुर्ची नक्को," ती शांभवीला म्हणाली. तिनं दात आवळले. सातवं पान. आठवं. नववं. दहाव्यापाशी बादली खाली ठेवून ती पूर्ण वाकली आणि तिनं नवऱ्याचं पान सुलटं केलं.

"इतकीं वर्षं झालीं, अजून पान मांडायचं कळत नाही तुम्हांस."

"नाही कळत," हरिप्रसाद मान खाली घालून म्हणाला. त्यानं भातात आळं केलं. तिनं पळी रिती केली, तरी त्याच्या तोंडून "पुरे" निघेना.

राजमनं बादली उचलली आणि ती दुसऱ्या ओळीकडे वळली. तिथं सगळी पानं सुलटीच होती. तरी ती थांबली नाही.