होडीतलं डबकं

आमच्या ह्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली आणि निवृत्त झाल्यावर, कुणाचं काही ऐकून न घेता, एक जुनी शिडाची होडी घेतली. हे विकतचं दुखणं आहे, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. होडीत पाय ठेवणार नाही, असंही.

पाऊस पडला की होडीतल्या बसायच्या खोलगट जागेत पाणी साचायचं. ते वाहून जायला मागच्या कोपऱ्यांत दोन भोकं होती, पण डबकं नेमकं पुढे, केबिनच्या दाराशी. हे रोज तिथे उकिडवे बसून स्पंजने पाणी टिपायचे, भोकांत तार फिरवायचे. भोकं चकाचक, डबकं जिथल्या तिथे. लाकूड काळं पडू लागलं. शेवटी ते म्हणाले की रविवारी सुतार येतोय, त्याला लाकडाच्या भावात होडी देऊन टाकू. त्या दिवशी ते अर्ध्या जेवणावरून उठले. मला वाटलं होतं, मी खूश होईन. झाले नाही.

शनिवारी हे डबा घरीच विसरले, म्हणून मी धक्क्यावर गेले. ऊन रणरणत होतं. शपथ गुंडाळून ठेवली आणि होडीत मागे, सुकाणूजवळ टेकले. हे डबा घ्यायला मागे आले आणि त्यांच्या पाठोपाठ डबकंही आलं. माझ्या चपला भिजवून दोन्ही भोकांतून गुडगुडत निघून गेलं.



मी शिवणकाम करणारी बाई. कापड कुठे ओढलं की झोळ कुठे पडतो, हे मला कळतं. पुढे काय ठेवलंय, विचारलं. हत्यारांची लोखंडी पेटी! दुकानात जपून आतल्या कोपऱ्यात ठेवायचे, तशी इथेही पार नाकाशी. त्यात डबकं बघायला हेही पुढेच. काटा केसभर हलला तरी ओळखणाऱ्या माणसाला होडीचं नाक खाली गेलेलं दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पेटी आता कायमची मागे," हे म्हणाले.

"होडी नुसती उभी असेल तेव्हा ठेवा," मी म्हटलं. "निघताना पुढे सरकवायची. मागे मी बसणार."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग सुताराला फोन लावला आणि सांगितलं, रविवारी येऊ नका, होडी धक्क्यावर नसेल.