जनाबसाठी तीन दिवे

इकराच्या शॅमेलिऑनचं नाव जनाब. सौदीतलं हुफूफ शहर सोडून कायमची केरळला गेलेल्या मैत्रिणीने तो रंग बदलणारा सरडा जाळीच्या उंच पिंजऱ्यासकट तिला दिला होता. चौदा वर्षांच्या इकराने पिंजऱ्यात मनीप्लांट लावला, जास्वंदीची कुंडी ठेवली, वर झगझगीत एलईडी बसवला. तीन महिन्यांत आत रान माजलं. जनाब मात्र सुकत चालला. फांदी चढताना पाय थरथरत, आणि समोरच्या किड्यापर्यंतही त्याची जीभ पोचेना.

"बेटा, रानातलं जनावर ते. घरात नाही जगायचं," अब्बा म्हणाले. तिचे अब्बा सिराजुद्दीन मूळचे मुरुडचे. इथे खजुराच्या कारखान्यांत मशिनं दुरुस्त करायचे.

"जगेल. आधी डॉक्टरकडे चला."

जनावरांच्या डॉक्टर अफशाँ यांनी जनाबचा जबडा हलकेच दाबून पाहिला. "हाडं मऊ पडलीत. औषध देते, पण याला यूव्हीबी हवं. उन्हातले न दिसणारे किरण."

"पिंजरा खिडकीतच आहे! दिवसभर ऊन असतं."

"काचेतून उजेड येतो, हे किरण नाही येत. आणि तुझा एलईडी फक्त झाडांच्या कामाचा."

इकराचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी खणातून हे किरण मोजायचा एक छोटा मीटर काढून तिच्या हातात ठेवला. "दिवा घेताना त्याच्याखाली वीतभर अंतरावर हा धर. आकडा तीनच्या आसपास हवा. कमी नको, फार जास्तही नको."

तिथून दोघं थेट हम्मादच्या दुकानात गेली. पाळीव प्राण्यांच्या धंद्यात त्याची वीस वर्षं गेली होती. त्याने पिळाचा एक बल्ब पुढे केला आणि हिंदी-अरबीची खिचडी करत म्हणाला, "हाच घे. ऊब, ऊन, झाडं, सगळं एकात. खलास!"

"लावून दाखवा."

बल्ब लागला. मीटरचा आकडा एकापर्यंतही पोचेना.

"मीटर बिघडलाय तुझा," हम्माद हसला.

दार उघडून इकरा फुटपाथवर गेली आणि मीटर भर दुपारच्या उन्हात धरला. आकडा सरसर नऊवर चढला. तिने तिथूनच, उघड्या दारातून, तो हम्मादला दाखवला.

"मीटर ठीक आहे."

अब्बांना हसू आवरेना. हम्मादने एक लांब ट्यूब काढून लावली. आकडा सात.

"बघ, किती जोरदार!"

"ही वाळवंटातल्या सरड्यांना. जनाब झाडावर, पानांत राहणारा. याहून सौम्य दाखवा."

दुसरी ट्यूब लागली. तीन पूर्णांक एक.

"हीच!" इकरा ओरडली. मग बोटांवर मोजत अब्बांना म्हणाली, "झाडांना एलईडी आहेच. ऊब द्यायला छोटा पिवळा बल्ब, आणि हाडांसाठी ही ट्यूब. एका दिव्यात सगळं होत नाही."

घरी अब्बांनी ट्यूब आणि पिवळा बल्ब शेजारी शेजारी जाळीवर बसवले. खाली वीतभर अंतरावर इकराने फांदी बांधली. तिचं एक टोक उजेडात, दुसरं पानांच्या सावलीत. हवं तेव्हा जनाबला सरकता यावं म्हणून. पहिल्याच सकाळी तो उजेडाच्या टोकाला जाऊन अंग पसरून बसला. इकरा रोज औषधाचे थेंब पाजत राहिली.

सहाव्या आठवड्यातल्या शुक्रवारी तिने चिमट्यात टोळ धरला, जनाबपासून चांगला वीतभर लांब. जनाबचे दोन्ही डोळे एकदम पुढे वळले. तो थोडा झुकला, तोंड उघडलं आणि सट्कन जीभ सुटली! चिमटा रिकामा. जनाब कराकरा चावत होता.

"अब्बा! अब्बा, मारला! लांबून मारला!"

अब्बा तोंडाला साबण तसाच ठेवून धावत आले. "खोटं! परत दाखव!"

जनाबने परत दाखवलं. मग तिसऱ्यांदा, आणखी लांबून. त्याच्या अंगावर पोपटी-पिवळे पट्टे उमटले होते. अब्बांनी साबणाच्या हातानेच मुरुडला बहिणीला फोन लावला आणि सलामदुआ व्हायच्या आधीच ओरडले, "जुबेदा, आपली इकरा जिंकली बघ!"