बरणीवरच्या दोन रेघा

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. वीतभर उंच, तोंडाला रुंद, तळाशी हवेचा एक बुडबुडा अडकलेला. झाकण माझं केव्हाच हरवलं. मोटार क्लबच्या वाचनखोलीत, खिडकीजवळच्या कपाटात मी बसते. माझ्या अंगावर दोन आडव्या रेघा आहेत, एक गडद लाल आणि तिच्या बोटभर वर एक फिकट. त्या दोन रेघांवरून इथे येणारी मोठी माणसं हमरीतुमरीवर येतात आणि तुम्ही काचेला नाक लावून बघत राहता. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं. फक्त एक सांगून ठेवते. माझ्यावरही लगेच विश्वास ठेवू नका. मी संशयी आहे, आणि मला संशयी माणसंच आवडतात.

काचेच्या कारखान्यात एका दिवसात आम्ही चारशे जणी तयार झालो. तपासनिसाने मला उजेडात धरलं, बुडबुडा पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या, थोडा विचार केला आणि मला जाऊ दिलं. तेव्हापासून कुणी मला उजेडात धरलं की मला तो तपासनीस आठवतो.

पुढे मी एका स्वयंपाकघरात दुसऱ्या फळीवर साखर सांभाळत होते. घरात तीन माणसं. बाई नीटनेटकी, फळ्या दर आठवड्याला पुसणारी. मुलगी शाळेत जाणारी. आणि नवरा वर्तमानपत्रात मोटारींवर लिहिणारा. नवी गाडी बाजारात आली की ती चालवून बघायची आणि रविवारच्या अंकात तिच्याबद्दल खरं काय ते लिहायचं, हे त्याचं काम.

एका सकाळी त्याने माझ्यातली साखर परातीत ओतली आणि मला काखोटीला मारलं. बाई म्हणाली, “अहो, मुंग्या लागतील.”

तो म्हणाला, “लागू देत. गाड्या विकणाऱ्यांपेक्षा त्या प्रामाणिक असतात.”

त्याने काच कापायच्या हिरकणीने माझ्या अंगावर, काठापासून दोन बोटं खाली, एक बारीक चरा ओढला. चरा लांबून दिसेना, म्हणून बाईच्या लाल नेलपॉलिशने तो भरला. त्या रेघेपर्यंत पाणी भरायचं, मला लाकडी खोबणीत बसवून गाडीच्या पुढच्या फळीवर ठेवायचं आणि विटांच्या भट्टीमागच्या रस्त्याने एक मैल जायचं. त्या मैलात रुळांचं फाटक होतं, तीन खड्डे होते आणि पाण्याच्या टाकीजवळ एक काटकोनी वळण. शेवटी माझ्या अंगाला बोटं लावून तो मोजायचा, रेघेपासून किती बोटं पाणी सांडलं. तेवढं तो छापायचा. गाडी घेणारी माणसं दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारू लागली, “ही किती बोटांची?”

तो विक्षिप्त होता, यात वाद नाही. भर उन्हात कानटोपी घालायचा. बूट काढून गाडी चालवायचा, कारण गाडी तळव्यांना खरं सांगते असं त्याचं म्हणणं. कंपनीचा चहा पीत नसे, स्वतःचा थर्मास बरोबर ठेवी. एका गाडीच्या हॉर्नबद्दल त्याने लिहिलं होतं, ‘बदकाचा अपमान झाल्यासारखा आवाज.’ त्याच्याकडे पत्रांच्या दोन थप्प्या येत. एकीत ‘तुमच्यामुळे आमचा जीव वाचला’, दुसरीत ‘तुमच्यामुळे आमचं वाटोळं झालं’. दोन्ही थप्प्यांवर तो पाय ठेवून बसायचा.

आणि संशय तर आम्हाला पुरून उरेल इतका होता. एका कंपनीच्या माणसाने माझ्या खोबणीत गुपचूप स्पंज ठेवला होता. दुसऱ्याने खड्ड्यांत आदल्या दिवशी खडी टाकून घेतली. एकाने मला हसत हसत हातात घेतलं आणि काठाला तेल चोपडलं. चार वर्षांत मी शिकले की जो माझ्याकडे बघून गोड हसतो, त्याचा हात आधी बघावा. फक्त घरच्या माणसांवर संशय घ्यायचं मला सुचलं नाही. तिथेच मी चुकले.

एका दुपारी तो बाहेरच्या खोलीत झोपला होता. मला पेट्रोलचा वास लागला होता, म्हणून बाईने धुवायला घेतलं. सोड्याने आणि तारेच्या घासणीने तिने मला लख्ख घासलं, आणि एकदम तिचा हात थांबला. लाल रेघ गेली होती.

त्याला उठवून सांगता आलं असतं. पण त्याच्या वस्तूला हात लागलेला त्याला खपत नसे. मुलीने एकदा कानटोपी हलवली, तर तीन दिवस तो घरात कुणाशी बोलला नव्हता. बाईने मला खिडकीशी धरलं. तिची नजर तेव्हा अधू होऊ लागली होती, चरा काही तिला दिसला नाही. नेलपॉलिशची जुनी बाटली वाळली होती. तिने नवी काढली आणि आठवणीने रेघ ओढली. “इथेच होती ना गं?” असं तिने मला विचारलं. मला वाचा असती तर! रेघ बोटभर वर गेली होती. म्हणजे आता पाणी काठाला अधिक जवळ आलं, आणि काठाला जवळचं पाणी लवकर सांडतं.

दुसऱ्याच सकाळी परीक्षेला आली एक छोटी गाडी. ती गावातल्या छोट्या कारखान्याची होती. मोठ्या कंपन्यांच्या नाकावर टिच्चून दोनशे माणसांनी बनवलेली, गडद लाल रंगाची. आणि त्या कारखान्याचा फोरमन होता बाईचा धाकटा भाऊ. गाडीबरोबर त्याने त्याच रंगाची छोटी बाटली दिली होती, कुठे ओरखडा गेला तर लावायला. कंपनीचा माणूस गाडीत बसवायचा नाही हा नियम, म्हणून तो टाकीजवळ उभा राहिला. आम्ही त्याच्यासमोरून गेलो तेव्हा त्याने हात वर केला होता.

चार बोटं पाणी सांडलं. रविवारी छापून आलं, ‘चार बोटं पाणी आणि एक पँट. ही गाडी घेणाऱ्याने टॉवेलही घ्यावा.’ सगळं शहर हसलं. ‘टॉवेलवाली गाडी’ असं तिचं नाव पडलं. ज्यांनी आगाऊ नोंदणी केली होती, त्यांनी एकेक करून ती रद्द केली.

इथे मला खरं सांगितलं पाहिजे. गाडीच्या स्प्रिंगा कडक होत्याच. रेघ जागेवर असती, तरी तीन बोटं सांडली असती. पण तीन बोटांच्या गाड्या तेव्हा खपत होत्या.

वर्षातून एकदा तो स्वतःच्या जुन्या गाडीची परीक्षा घ्यायचा, बरणी आणि रस्ता दोन्ही ठीक आहेत ना हे बघायला. ती गाडी दरवर्षी एक बोट सांडायची. त्या वर्षी दोन सांडली. त्याने पुन्हा चालवली. पुन्हा दोन. मग घराच्या अंगणात गाडीतच बसून त्याने मला उजेडात धरलं आणि माझ्या अंगावरून नख फिरवलं. नख रेघेवर अडकलं नाही. बोटभर खाली, चऱ्यात अडकलं. बराच वेळ तो दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायकोकडे बघत राहिला. मग तिची रेघ त्याने स्पिरिटने पुसली आणि पिशवीत राहिलेल्या त्या लाल रंगाच्या बाटलीने जुन्या जागी नवी ओढली.

मला घेऊन तो थेट कारखान्याच्या फाटकाशी गेला. मेहुण्याला म्हणाला, “गाडी पुन्हा चालवून बघतो.”

फोरमनने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. पायात नवे बूट होते. ते बायकोने आणले होते, पण ते मेहुण्याला काय ठाऊक! तो म्हणाला, “का भाऊजी? तेव्हा काय चुकलं होतं, ते आधी सांगा.”

मित्रांनो, त्या क्षणी मी पिशवीत होते आणि वाट बघत होते. शहरभर कुणाची भीड न ठेवणारा तो माणूस गप्प उभा राहिला. फोरमन म्हणाला, “म्हणजे चुकलं नव्हतं. कुणीतरी चुकवलं होतं. ते बूट ज्यांनी दिले त्यांच्याच गाड्या चालवा.” आणि त्याने फाटक लावून घेतलं.

सहा महिन्यांनी कारखाना बंद पडला. त्या लेखाची दुरुस्ती कधी छापली गेली नाही. बावीस वर्षं भाऊ बहिणीच्या दारात आला नाही. मुलीला शाळेत ‘विकलेल्याची पोर’ म्हणून चिडवलं गेलं, आणि बापाला विचारायचं धाडस तिला झालं नाही. बाईने मला पुन्हा हात लावला नाही. नवरा मला स्वतःच धुवायचा. तिला वाटायचं, त्याला काही ठाऊक नाही. त्याने कळू दिलं नाही. दोघं एकाच टेबलावर जेवत, आणि मी मध्ये.

तो गेला, तेव्हा मोटार क्लबने त्याच्या नावाने वाचनखोली उघडायचं ठरवलं. चिटणीस मला न्यायला घरी आले. त्यांनी पाटी तयार करून आणली होती, ‘या बरणीने कधी खोटं सांगितलं नाही.’ मुलगी, आता चाळिशीला आलेली, ती पाटी हातात घेऊन वाचत होती, आणि दारात मामा उभा होता. बातमी त्याने पेपरात वाचली होती. चप्पल न काढता, उंबऱ्याबाहेरूनच तो चिटणिसांना म्हणाला की पाटी बदला, या बरणीत एक कारखाना बुडाला असं लिहा.

मुलगी आईकडे वळली. “आई, एकदाच सांग. बाबांनी काही घेतलं होतं का?”

बाईने पदराला हात पुसले. हात कोरडेच होते. “त्यांनी नाही गं. रेघ मी पुसली होती. घासताना गेली. मग अंदाजाने नवी काढली मी, आणि कुणाला बोलले नाही. तुझ्या मामाची गाडी दुसऱ्या दिवशीच होती.”

मग भाऊ चप्पल काढून आत आला. त्याने मला उचललं, खिडकीशी नेलं, लाल रेघेवरून नख फिरवलं. लोखंडावर उभा जन्म काढलेलं ते नख होतं. चरा त्याला लगेच लागला.

“ताई,” तो म्हणाला, “तू कशाने काढली होतीस?”

“नेलपॉलिशने.”

“हे नेलपॉलिश नाही. हा गाडीचा रंग आहे. आमच्याच गाडीचा. आणि रेघ चऱ्यावर बरोबर आहे.” मला खाली ठेवत तो म्हणाला, “भाऊजींना कळलं होतं. म्हणून फाटकाशी आले होते.”

बाई खुर्चीचा हात धरून खाली बसली. बावीस वर्षं ज्याच्यापासून लपवलं, तोच तिची चूक लपवत होता. ती म्हणाली, “तेव्हा सांगितलं असतं, तर तू मला टाकलं असतंस.”

“टाकलं असतं,” भाऊ म्हणाला. “वर्षभर. दोन वर्षं. पण दोनशे माणसं होती, ताई.”

माझ्या मालकाने बायकोला वाचवलं की स्वतःचं नाव, हे मी जवळून पाहूनही मला कळलेलं नाही. कधी पहिलं वाटतं, कधी दुसरं.

पाटी परत गेली. मुलीने पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली आणि आईच्या हातात दिली. भावाने मला घट्ट धरलं. लाल रेघेच्या बोटभर वर तिने ती चुकलेली रेघ पुन्हा ओढली, सगळ्यांसमोर.

म्हणून माझ्या अंगावर दोन रेघा आहेत. इथे येणारे अजून भांडतात. कुणी त्याला देवमाणूस म्हणतं, कुणी दोनशे संसारांचा मारेकरी. भांडू देत. तुमच्याकडे मात्र माझं एकच मागणं आहे. घरातल्या मोजायच्या वस्तू जपून वापरा, वजन असो, पट्टी असो, घड्याळ असो. आणि तुमच्या हातून एखादी खूण पुसली गेली, तर त्याच दिवशी सांगा. रागावणारा रागावून रागावून किती रागावेल? तीन दिवस.

दर महिन्याला बाई भावाबरोबर इथे येते. कपाट उघडून ती मला कोरड्या फडक्याने पुसते. रेघांपाशी आली की हात थांबतो, भाऊ चष्मा पुढे करतो, आणि तो लावूनच ती पुढे पुसते.