पंखावरची सुरगाठ

तपासनीसाने विमानाच्या पंखावरच्या दोऱ्याखाली करंगळी घातली आणि हलकेच ओढली. गाठ सरकली. त्याने शेजारची पाहिली, तिच्या खालची पाहिली, मग चष्मा कपाळावर चढवून वाकून वाकून पंखाच्या टोकापर्यंतची सगळी रांग.

"टर्नरसाहेब, ही बाजू कोणी शिवली?"

लेथवर जन्म घालवल्यामुळे गल्लीत सगळे त्याला टर्नरच म्हणत. घरच्या गॅरेजात विमान बांधायला घेतल्यावर काही जण वैमानिकही म्हणू लागले होते, पण ते पाठीमागे. हातातल्या फडक्याची त्याने उगाच घडी घातली.

"पोरानं," तो म्हणाला.

तपासनीसाने चष्मा खाली घेतला. घरी विमान बांधणाऱ्यांच्या मंडळातला हा जुना माणूस. नकाशे कुठून मागवायचे, कुठल्या सरसाचा जोड लाकूड तुटलं तरी सुटत नाही, पुस्तकातलं कोणतं प्रकरण आधी वाचायचं आणि कोणतं वाचून घाबरायचं नाही, हे सगळं त्यानेच टर्नरला सांगितलं होतं. पंखाला कापड शिवून झालं की पट्ट्या चिकटवण्याआधी शिवण त्याला दाखवायची, हा मंडळाचा नियम. त्याच्या सहीशिवाय पुढचं काम नाही.

पंख शिवायला दोन माणसं लागतात. पंख उभा करायचा, एकाने या अंगाला बसायचं, एकाने त्या. हातभर लांबीची सुई कापडातून आरपार जाते आणि आतल्या लाकडी फासळीला वेढा घालून परत येते. गाठी एकाच बाजूला पडतात. त्या मुलाच्या बाजूला होत्या. बापलेकांना एकमेकांचं तोंड दिसत नसे, दिसायचं ते सुईचं टोक. "ओढ," बाप म्हणायचा. "ओढलं," पलीकडून यायचं. भिंतीपल्याड पुढच्या खोलीत मशीनवर बसलेल्या आईला दिवसभर तेवढंच ऐकू येई.

हा डावा पंख शिवून झाला त्याच आठवड्यात मुलगा कामावरून परतताना रस्त्यात अपघातात गेला. टर्नरने पंख भिंतीला टेकवून वर चादर टाकली. उजवा पंख त्याने पुढे एकट्यानेच शिवला, टाक्याटाक्याला उठून, वळसा घालून. तो पास झाला होता. चादर आज सकाळी काढली आणि पंख पुन्हा गॅरेजच्या मधोमध उभा केला.

"या गाठी टिकायच्या नाहीत," तपासनीस म्हणाला. "हवेत कापड फुगतं. एक सुटली की रांगच्या रांग सुटेल. सगळं उसवून पुन्हा शिवावं लागेल."

"वरून पट्टी बसते की. पट्टीवर लेप."

"पट्टी शिवण झाकते. धरत नाही."

"उडवणार मी आहे. माझा जीव, माझी जबाबदारी."

"आणि सही माझी आहे. साहेब, तो असता तर त्यानेही तुम्हाला यात बसू दिलं नसतं."

टर्नरने फडकं बाकावर टाकलं.

"मग नाही उडवत. राहू दे असंच."

दारात कपांचा आवाज झाला. टर्नरची बायको चहा घेऊन उभी होती. ती गॅरेजात येत नसे, ट्रे उंबऱ्यावरूनच पुढे करी. पूर्वी यायची, तीही टोमणे मारायला. आधी गॅरेजचं दार मोजा, मग पंख मोजा, नाहीतर भिंत पाडून विमान काढायचं नि आपण उघड्यावर झोपायचं. मुलगा हसून लोळायचा. मुलगा गेल्यावर ती उंबरा ओलांडून आत आली नव्हती.

"काय झालं, भाऊजी?"

"गाठ चुकलीय, वहिनी. पुस्तकात निरगाठ सांगितलीय, ही सरकतेय."

"बघू."

ती आत आली. ट्रे बाकावर ठेवला, पदराला हात पुसले आणि पंखाशी वाकली. कपडे लहानमोठे करून देणं हे तिचं रोजचं काम, शिवण बघायला तिला चष्मा लागत नसे. तिने एका गाठीवर नुसतं बोट ठेवलं आणि तिथेच राहू दिलं.

"ही माझी गाठ आहे," ती म्हणाली.

कोणाला काही कळलं नाही.

"शाळेच्या पँटींना मारायचे. खालची दुमड सोडावी लागायची ना दरवर्षी. एक टोक ओढलं की सगळी शिवण येते, कात्री लावावी लागत नाही. उंची तरी किती वाढायची मेल्याची..." ती थांबली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "शेजारी बसून बघायचा. सुईत दोरा ओवून द्यायचा मला. एकदा विचारलंनही, आई, तुझी ती गाठ दाखव. मला वाटलं, शर्टाचं काही असेल."

तपासनीसाने एक कप उचलला आणि अंगणात गेला.

तिने पहिल्या रांगेचं टोक चिमटीत धरलं.

"हात लावू नकोस," टर्नर म्हणाला. "अगं, त्याच्या हातचं आहे ते."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय? एवढी वर्षं खपलात ते भिंतीला टेकवून ठेवायला? की त्या पोकळ गाठींवर बसून तुम्हीही जायचं ठरवलंय?"

टर्नर पंखाला वळसा घालून सवयीने आपल्या बाजूला गेला आणि स्टुलावर बसला. आता ती दिसत नव्हती. समोर पांढरं ताणलेलं कापड आणि त्यावर टाक्यांच्या रांगा होत्या.

पहिली रांग हलली. टाके एकेक करून ढिले झाले आणि दोरा भोकांतून पलीकडे निघून गेला. कापडाला ओरखडा नाही. मग दुसरी. पलीकडे ती दोरा बोटांवर गुंडाळत असावी, बांगड्या मधूनमधून वाजत होत्या. फासळीमागून फासळी मोकळी होत गेली.

शेवटची रांग पंखाच्या टोकाशी, आखूड. टर्नरने तिच्यातल्या एका टाक्यावर बोट दाबून धरलं. दोरा ताणला गेला आणि अडला.

पलीकडून ओढ आली नाही. बांगड्याही वाजल्या नाहीत. अंगणात तपासनीस खाकरला.

टर्नरने बोट उचललं.

"ओढ," तो म्हणाला.

टाका सैल पडला आणि दोरा सळसळत आत गेला.

"ओढलं," पलीकडून आलं.

तो रिकाम्या भोकाकडे बघत राहिला. मग बाकावरची लांब सुई घेतली. डोळ्यांसमोर धरली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, दोनदा चुकला. शेवटी त्याने सुई तशीच, दोऱ्याविना, तिने ओवावी म्हणून भोकातून पलीकडे सारली.